गुरुवारची प्रार्थना: तरुण संघातलं एक प्रकरण

हे आमच्या संघातल्या ज्या मुलाबद्दल आहे, त्याची परवानगी मी लिहायच्या आधी घेतली. लिहून झाल्यावर मजकूर त्याला वाचायला दिला. त्यानं दोन वाक्यं खोडली, एका ठिकाणी समासात ‘असं मी म्हणालोच नव्हतो’ असं लिहिलं आणि कागद परत दिले. त्याच्या आईलाही विचारलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्याला इथं मी पेटीवाला म्हणतो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी जाऊन कीबोर्ड आला त्याला बरीच वर्षं झाली, पण वाजवणाऱ्याचं नाव पेटीवालाच राहिलं.

कोल्हापुरातल्या एका मंडळीचा तरुण संघ मी अकरा वर्षं सांभाळतोय. हे काम बिनपगारी आहे. पोटापाण्याला मी शिरोलीच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. शनिवारी संध्याकाळी संघ भरतो. पंचवीस-तीस पोरं येतात, आणि शाहू स्टेडियमवर मोठ्या तालमींचा फुटबॉल सामना असला की आठ. मंडळीत दीडशेच्या आसपास घरं आहेत आणि त्यातली निम्मी तरी एकमेकांची सोयरी. कुणाची मावशी महिला मंडळात, कुणाचा चुलता चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळात, कुणाचा मामा मिरजेच्या दवाखान्यात. इथं एखादी गोष्ट लपवायची तर माणसाला गावच सोडावं लागेल, असं आम्ही हसत हसत म्हणतो.

आता थोडं मागचं सांगतो. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला. पुढं अमेरिकेत १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथं विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं, त्यात मिशनकार्याला जायला शंभर विद्यार्थ्यांनी नावं दिली. त्या सगळ्यामागं हा रॉबर्ट होता. त्यातून उभी राहिलेली विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ जगभर गेली. आमच्याकडं तरुणांचं कुठलंही संमेलन ही गोष्ट सांगितल्याशिवाय संपत नाही. मीही ती पंधरा-वीस वेळा सांगितली असेल. आपल्या गावचा पोरगा म्हणून छाती फुगते. पण त्या गोष्टीतलं आमच्या डोक्यात काय बसलं, तर शंभर हा आकडा. वार्षिक अहवालात आम्ही आकडेच लिहितो. त्या वर्षीच्या पन्हाळ्याच्या शिबिराबद्दल मी लिहिलं होतं: ‘उपस्थिती ३४, साक्षी ९.’

शिबिराच्या शेवटच्या रात्री शेकोटी पेटते, गाणी होतात, आणि मग एकेक जण उठून साक्ष देतो. देवानं आयुष्यात काय केलं ते सांगतो, चुका कबूल करतो, रडतो. काही पोरांना त्याचा खरोखर उपयोग होतो. काही जण, शेजारचा उठला म्हणून उठतात. पेटीवाला त्या रात्री कीबोर्डमागं बसून होता आणि सगळ्यांच्या साक्षींमागं हळू सूर धरत होता. तो उठला नाही. मी मनात नोंद केली: हा अजून मोकळा झालेला नाही. आज ती नोंद आठवली की माझाच राग येतो.

तीन आठवड्यांनी तो मोकळा झाला. रंकाळ्याच्या कडेला चहाच्या गाड्यावर, दोघंच असताना. वय वीस, इंजिनिअरिंगला. घरी सगळे समजत होते की तो तिसऱ्या वर्षाला आहे. प्रत्यक्षात पहिल्या वर्षाचे दोन विषय अडकले होते, त्याच्या कॉलेजच्या नियमानं पुढं जाता येत नव्हतं, आणि तो सात महिने वायडी, म्हणजे इयर डाऊन, होता. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा, कधी वाचनालयात, कधी विद्यापीठाच्या आवारात, कधी नुसता बसस्टँडवर बसायचा. वडील फाउंड्रीत. फीसाठी त्यांनी सोसायटीचं कर्ज काढलेलं. ‘परीक्षा झाली की सांगणार आहे दादा, दोन्ही विषय सुटले की. तोवर कुणाला बोलू नका.’

‘नाही बोलत,’ मी म्हणालो. आणि शेवटी जोडलं, ‘प्रार्थना करतो तुझ्यासाठी.’

त्यानं मान हलवली. ‘प्रार्थना करतो’ याचा अर्थ त्याच्या लेखी काय होता आणि माझ्या लेखी काय, हे दोघांनीही विचारलं नाही.

गोष्ट कशी गेली

पुढच्या रविवारी उपासनेआधी आम्ही चौघं, म्हणजे मी आणि संघाचे तीन कार्यकर्ते, नेहमीप्रमाणं मागच्या खोलीत प्रार्थनेला बसलो. प्रार्थनेचे विषय काय, असं एकानं विचारलं. मी म्हणालो, ‘पेटीवाल्यासाठी करा. अभ्यासाचं मोठं ओझं आहे, घरी माहीत नाही, वर्ष गेलंय.’ तिघं विश्वासाची माणसं होती. आजही आहेत. त्यातल्या एका मुलीनं घरी आईबरोबर रात्रीच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं. आई महिला मंडळात. महिला मंडळाची दर गुरुवारी दुपारी कुणा एकीच्या घरी प्रार्थनासभा असते. गाणं, बायबलचं वचन, मग एकेकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची.

मधल्या गुरुवारी ती आई गेली नव्हती, पण तिनं मैत्रिणीला फोनवर सांगून ठेवलं होतं, ‘त्या पोरासाठी जरा प्रार्थना धरा, नाव नका घेऊ.’ मैत्रिणीनं त्याच्या पुढच्या गुरुवारी नाव घेतलं नाही. ती म्हणाली, ‘हे प्रभू, आमच्यातल्या एका बहिणीच्या मुलाचं वर्ष गेलंय, तो घरी सांगायला भितोय, त्याच्या आईबापाला समजूत दे, इंजिनिअरिंग सोपं नाही प्रभू.’

त्या खोलीत अकरा बायका होत्या. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा एकीलाच होता. ती तिथं डोळे मिटून, हात जोडून बसली होती.

या साखळीकडं मी पुष्कळ वेळा पाहिलंय. माझ्यापासून त्या खोलीपर्यंत चार माणसं. एकानंही चहाडी केली नाही. कुणाचा हेतू वाईट नव्हता. प्रत्येकीनं आपल्या परीनं जपूनच सांगितलं. आमच्यात चहाडखोराला ओळखायची सवय आहे, त्याच्यावर वचनंही पाठ आहेत. पण ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ या तीन शब्दांपुढं कुणीच दार लावत नाही. उलट ऐकणारा पुढं सरकून बसतो.

आई सभा संपेपर्यंत बसली. चहाही घेतला म्हणे. घरी येऊन तिनं मुलाला विचारलं. तो काही न बोलता पायात चपला घालून बाहेर पडला, आणि रात्री दहापर्यंत परतला नाही. फोन बंद.

मला त्याच्या वडिलांचा फोन साडेदहाला आला. मोटरसायकलवर आम्ही दोघं रंकाळा फिरलो, पंचगंगेच्या घाटावर गेलो, बसस्टँड, रेल्वे स्टेशन, पुन्हा रंकाळा. काका मागं बसलेले. पाण्याच्या कडेनं गाडी हळू करायला त्यांनी एकदाही सांगितलं नाही आणि मी प्रत्येक वेळी केली. दीड वाजता मिरजेहून मामांचा फोन आला. पोरगा तिथं पोहोचला होता, जेवला होता, झोपला होता. स्टेशनच्या समोरच आम्ही थांबलो होतो. काकांनी तिथल्या कट्ट्यावर बसून चप्पल काढली आणि पाय चोळत बसले. मग विचारलं, ‘तुला कधीपासून ठाऊक होतं?’

‘तीन आठवडे.’

‘आणि मला सांगितलं नाहीस.’

तीन तक्रारी

प्रकरण म्हणून याच्यात सगळ्यात अवघड भाग हा आहे. माझ्यावर तीन माणसांचा राग होता आणि तिघांची कारणं एकमेकांना छेद देणारी. मुलाचं म्हणणं, कुणाला सांगायचं नव्हतं. बापाचं म्हणणं, मला सांगायला हवं होतं. आईचं म्हणणं काय, हे मी त्या वेळी विचारलंच नाही.

बापाच्या तक्रारीवर मी बराच काळ घुटमळलो. कर्ज त्यांच्या डोक्यावर, मुलगा त्यांचा. पण मुलगा वीस वर्षांचा होता, आणि आपण होऊन सांगायची मुदत त्यानंच ठरवली होती. मी गप्प राहिलो असतो तर काकांचा राग माझ्यावर आला असता हे खरं, पण तो राग मला पेलता आला असता. मी करायला हवी होती ती गोष्ट वेगळीच होती: त्याच्याबरोबर बसून ‘घरी कधी, कसं सांगायचं, मी सोबत येऊ का’ हे ठरवणं. मी त्याऐवजी प्रार्थना करतो म्हणालो. ते म्हणणं स्वस्त पडलं. मला वाटलं की मी काहीतरी केलंय.

माफीही मी आधी चुकीचीच मागितली. पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या पास्टरना, बरोबर घेऊन घरी गेलो. सगळे समोरच्या खोलीत. मी चूक कबूल केली, पाळकसाहेब चार शब्द चांगले बोलले, आणि मग सवयीनं मी म्हणालो, ‘आपण प्रार्थना करूया.’ पेटीवाला उठला आणि आत गेला. आतल्या खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. पाळकसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्या दिवशी प्रार्थना झाली नाही. आमच्या मंडळीच्या घरभेटीत असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

महिन्याभरानं मी एकटाच त्याला भेटलो, त्याच चहाच्या गाड्यावर. तेव्हा तो जे बोलला ते इथं देतोय, त्यानं तपासून दिलेल्या शब्दांत: ‘दादा, तुम्ही देवाला सांगितलं त्याचं मला काही नाही. देवाला आधीच माहीत होतं की. तिघांना का सांगितलं?’

याच्यावर उत्तर नाही. मी शोधलं नाही असं नव्हे.

वडील मंडळात दोन मतं पडली. एकाचं म्हणणं, सभेत मोठ्यानं बोलणाऱ्या त्या बहिणीला समज द्यावी. मी विरोध केला, कारण साखळीची पहिली कडी मी होतो आणि शेवटच्या कडीला शिक्षा करणं सोपं म्हणून आम्ही ते करायला निघालो होतो. दुसऱ्याचं म्हणणं, रविवारी व्यासपीठावरून नाव न घेता मंडळीची क्षमा मागावी. पाळकसाहेबांनी आधी मुलाला विचारायला सांगितलं. तो म्हणाला, ‘परत एकदा?’ विषय तिथंच मिटला.

वचनात शोधताना

मला उपदेशक म्हणून सवय अशी की काही घडलं की वचन शोधायचं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करायला आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय, आणि आमची सगळी साक्षीची रात्र त्याच एका वचनावर उभी आहे. पण मी मार्काचं शुभवर्तमान पुन्हा सलग वाचलं तेव्हा एक गोष्ट खटकली, जी इतकी वर्षं दिसली नव्हती. मुलगी गेलेल्या याईराच्या घरी येशू रडणाऱ्या-ओरडणाऱ्या सगळ्या लोकांना बाहेर काढतो, आईबाप आणि तिघा शिष्यांना घेऊनच मुलीपाशी जातो, आणि हे कुणाला कळू देऊ नका म्हणून बजावतो. बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला एकांती नेतो. बेथसैदाच्या आंधळ्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, आणि बरं केल्यावर परत गावात जाऊ नकोस म्हणतो. पंडित लोक याची वेगळी कारणं सांगतात आणि ती बरोबर असतील. मी मात्र कोल्हापुरातला, दीडशे घरांच्या मंडळीतला माणूस म्हणून वाचतो. तो बरं करायच्या आधी माणसाला गर्दीपासून सोडवतो. आम्ही त्याच माणसाला शेकोटीभोवती उभं करतो.

पेटीवाला शेकोटीपाशी उठला नाही, कारण त्याला आमची मंडळी माझ्यापेक्षा जास्त कळली होती. त्याला एकांत हवा होता आणि आमच्या सगळ्या कार्यक्रमात एकांताला एकही तास नव्हता.

नंतर काय बदललं

पहिला प्रयोग चिठ्ठ्यांच्या डब्याचा. प्रार्थनेचा विषय नाव न घालता लिहून डब्यात टाकायचा. दोन शनिवारांत बोजवारा उडाला. पंचवीस पोरांत अक्षर कुणाचं ते सगळ्यांना कळतं. एकानं डाव्या हातानं लिहिलं तर सगळे डावखुऱ्याकडं बघायला लागले. बिचारा डावखुरा म्हणाला, मी तर काही लिहिलंच नाही. डबा आता ऑफिसात पेनं ठेवायला वापरतात.

नाव न घेता प्रार्थना करायची, हाही नियम मोडीत काढला. त्या गुरुवारी नाव घेतलं नव्हतंच.

जे टिकलं ते इतकंच. संघात मोठ्यानं प्रार्थना होते ती ज्याच्या त्याच्या स्वतःच्या विषयासाठी, किंवा पूर, पाऊस, परीक्षा, आजारी माणसानं स्वतः सांगितलेला आजार, अशा उघड गोष्टींसाठी. दुसऱ्याचं काही असेल तर त्यासाठी शेवटी तीन मिनिटं शांतता. पहिल्या महिन्यात पोरं फिसकन हसायची. कुणाच्या पोटात गुरगुरलं तरी संपलं. आता बसतात. व्हॉट्सॲपवर प्रार्थनेचे विषय टाकणं बंद केलं. यावरून माझ्यावर दोन पालक अजून नाराज आहेत, त्यांना वाटतं संघ थंड पडलाय.

कुणी एकट्यानं काही सांगायला आलं की मी आता आधी तीन गोष्टी बोलतो. हे कुणाला सांगू का, आणि सांगायचं तर नावासकट का? दुसरं, तुला माझ्याकडून काय हवंय, नुसतं ऐकायचं की काही करायचं? आणि तिसरं, जे मी पोटात ठेवणार नाही ते. कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मी एकटा ते वागवणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झालाय असं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे, आणि पाळकाला किंवा संघाच्या दादाला त्यातून सूट नाही. हे आधीच सांगितलं की काही पोरं बोलायची थांबतात. थांबू देत. बोलून झाल्यावर ‘हे मात्र मला सांगावं लागेल’ म्हणणं जास्त वाईट. संघाच्या खोलीच्या भिंतीवर दोन नंबर मोठ्या अक्षरात लावलेत: मुलांसाठी १०९८, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. ते लावायला वडील मंडळात दोन बैठका गेल्या. भिंतीवर वचनाची पाटी होती, ती हलवायची का, यावर.

लहान पोरांशी एकांतात बोलायचं तर तेही दारामागं नाही. व्हरांड्यात, दिसेल असं, ऐकू येणार नाही असं. एकांत आणि बंद खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तरुणांत काम करणाऱ्यानं फार लवकर शिकावं. मी उशिरा शिकलो.

शिबिरात शेकोटी अजून असते. साक्षीची रात्रही असते, पण अहवालात साक्षींचा आकडा मी लिहीत नाही. पहिल्या वर्षी सेक्रेटरींनी ती ओळ मोकळी पाहून विचारलं, शून्य लिहू का?

पेटीवाल्याचे दोन्ही विषय सुटले, एक पुढच्या परीक्षेत आणि एक त्याच्या पुढच्या. तो संघात परत आला नाही. रविवारी उपासनेला येतो, मागच्या बाकावर बसतो. कीबोर्ड आता दुसरा मुलगा वाजवतो, आणि बरा वाजवतो, पण गाण्याच्या मधल्या जागा भरत नाही. नाताळात कॅरल घेऊन त्यांच्या गल्लीत जायचं की नाही, यावर पहिल्या वर्षी आम्ही रस्त्यातच दहा मिनिटं उभे राहिलो. शेवटी काकांनीच गच्चीवरून हाक मारली, ‘अरे या की, थंडीत काय उभारलाय!’

आईकडं मी जायला सव्वा वर्ष लावलं. मुलाची माफी मागितली, बापाची मागितली, वडील मंडळापुढं उभा राहिलो, आणि त्या खोलीत डोळे मिटून जिनं ते ऐकलं तिच्याशी मी स्वतंत्र एक वाक्य बोललो नव्हतो. हे माझ्या लक्षात आणून दिलं माझ्या बायकोनं, भाजी निवडताना, सहज.

काकूंनी चहा केला. मी बोललो. त्या ऐकून घेत होत्या, मध्ये उठून गॅस बारीक करून आल्या. मग म्हणाल्या, ‘त्या बाईचा मला राग नाही. ती मनापासून करत होती. पण तेव्हापासून मला डोळे मिटून बसवत नाही बघा. घरात एकटी असते तेव्हा करते प्रार्थना, पण डोळे उघडे ठेवून.’

गुरुवारच्या सभेला त्या अजून जात नाहीत. ती सभा त्यांच्या घरी भरायची पाळी दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा त्या माहेरी गेल्या होत्या.